पालथ्या बशीचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे सांगून ठेवलं आहे. हे सांगणाऱ्याच्या हाती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली बशी कधी पडली नसावी, नाहीतर यादीत तिसरी नोंद नक्की झाली असती. नदीला निदान उगमापाशी एखादं कुंड असतं, ऋषीला गोत्र असतं. बशीच्या पाठीवर सिंह असतो, एकशिंगी घोडा असतो, मुकुट असतो, चार अक्षरं, पाच आकडे आणि तीन ठिपके असतात. एवढ्या सगळ्या मजकुरात ती घडवली कोणी, तेवढंच नेमकं नसतं.

इंग्लंडात हा शोध घेणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे. ती ओळखणं सोपं आहे. साधा माणूस बशी हातात घेतली की वरचं चित्र पाहतो, ही माणसं ती आधी पालथी करतात. बीबीसीवर १९७९ पासून ‘अँटिक्स रोडशो’ नावाचा कार्यक्रम चालू आहे. त्यात कुठल्याशा हवेलीच्या हिरवळीवर लोक आजीची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून रांगेत उभे असतात. तज्ज्ञ भांडं हातात घेतो, उलटं करतो आणि ‘हं’ म्हणतो. त्या ‘हं’मध्ये दहा पौंड आहेत की दहा हजार, हे शोधण्यात मालकाचा चेहरा गुंतलेला असतो. किंमत कळल्यावर मालक हमखास म्हणतो, “आम्ही विकणार नाही हो, आजीची आठवण आहे.” दहा पौंडांच्या आजीची आठवण मात्र पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळताना जरा कमी जपून गुंडाळली जाते.

आमच्या वहिनी या जमातीत अलीकडेच दाखल झाल्या. दादा नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला स्थायिक झाला आणि वहिनींना रविवार सकाळचा ‘कार बूट सेल’ सापडला. मोकळ्या मैदानात लोक गाड्यांच्या डिक्या उघडून घरातली अडगळ मांडून बसतात, आणि दुसऱ्याच्या घरातली अडगळ विकत घेऊन परत जातात. तिथून वहिनींनी एक मोठी, लांबट, निळ्या चित्रांची थाळी आणली आणि मला व्हिडिओ कॉल लावला.

“भावजी, ही कोणाची असेल?”

“आता तुमचीच की.”

“तसं नव्हे हो! घडवली कोणी?”

आणि त्यांनी थाळी उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरली. माझं थोडंफार वाचन झालेलं असल्यामुळे घरात मी या विषयातला तज्ज्ञ समजला जातो. मीही रीतसर ‘हं’ म्हटलं.

वहिनींची पहिली नजर सिंह आणि एकशिंगी घोड्यावर गेली. “राजचिन्ह आहे. म्हणजे थेट राजवाड्यातली!” हा मोह प्रत्येकाला होतो. पण त्या काळात राजचिन्ह छापायला राजवाड्याची ओळख लागत नसे, छापायचा तांब्याचा पत्रा असला की भागत असे. ज्याच्या भट्टीतून एक कप धड बाहेर पडत नव्हता, तोही बशीखाली सिंह उभा करत होता. तरी या सिंहाचा एक उपयोग आहे. १८३७ पूर्वीच्या राजचिन्हात ढालीच्या मधोमध आणखी एक छोटी ढाल असते, ती हॅनोव्हरच्या राज्याची. त्या गादीवर बाईला बसता येत नव्हतं, म्हणून व्हिक्टोरिया राणी झाली तेव्हा हॅनोव्हर तिच्या काकाकडे गेलं आणि मधली ढाल निघाली. वहिनींच्या ढालीत मधे काही नव्हतं. म्हणजे थाळी १८३७ नंतरची. “काकानं इस्टेट लाटली तेव्हाची,” वहिनींनी लगेच नोंद केली. घराण्याच्या भाषेत सांगितलं की इतिहास पक्का लक्षात राहतो.

सिंहाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘स्टोन चायना’. वहिनींना वाटलं, हीच कंपनी. ही कंपनी नव्हे, ही नुसती फुशारकी. खरं चिनी पोर्सेलीन महाग, आणि इंग्लंडातल्या मध्यमवर्गाला परवडत होती ती साधी मातीची भांडी. मग मातीला मोठी नावं देण्याची शर्यत लागली: स्टोन चायना, सेमी-चायना, ओपेक पोर्सेलीन, ग्रॅनाइट. मेसन घराण्यानं १८१३ मध्ये ‘आयर्नस्टोन चायना’चं पेटंटच घेतलं. एका नावात लोखंड, दगड आणि चीन, तिन्ही. ग्राहकाला भारी वाटलं आणि भांडी खरोखरच दणकट निघाली, त्यामुळे आत लोखंड किती, असं विचारायला कोणी परत आलं नाही.

त्याखाली वेलबुट्टीच्या चौकटीत आणखी एक नाव. तेही कारखान्याचं नव्हतं, चित्राचं होतं. या चौकटीनं आजवर जितक्या लोकांना फसवलं, तितकं लॉटरीनंही फसवलं नसेल. ‘विलो’ नावाचा प्रख्यात कारखाना कुठे होता, म्हणून विचारणारे लोक आहेत. विलो म्हणजे ते निळं चित्र: पूल, पुलावर तीन माणसं, वाकलेलं झाड, आकाशात दोन पाखरं. चीनचा देखावा असला तरी त्याचा जन्म इंग्लंडातला, आणि दोन प्रेमिकांची पाखरं झाल्याची कथाही तिथेच रचलेली. हे चित्र इतक्या कारखान्यांनी छापलं की विलोची बशी दाखवून कारखाना विचारणं म्हणजे पांढरा सदरा दाखवून शिंपी विचारणं. ‘एशियाटिक फेझंट्स’ नावाच्या फिकट निळ्या नक्षीचंही तेच. त्यात कारखाने बुडायचे, तेव्हा कोरलेले तांब्याचे पत्रे लिलावात निघायचे आणि घेणारा तेच चित्र पुढे छापत राहायचा. चित्र जिवंत, चित्राचा मालक दिवाळखोर.

आता उरली अक्षरं. थाळीच्या कडेला दाबून उमटवलेली दोन-तीन आद्याक्षरं, त्यातलं एक झिलईत बुडालेलं, आणि पुढे ‘अँड कंपनी’. इथे खरा खेळ सुरू होतो, आणि तो समजायला स्टॅफर्डशर समजून घ्यावं लागतं. टनस्टॉल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही एकमेकांना चिकटलेली सहा गावं. जमिनीत कोळसा आणि माती, आकाशात बाटलीच्या आकाराच्या भट्ट्यांचा धूर. १९१० मध्ये ती एकत्र येऊन त्यांचं स्टोक-ऑन-ट्रेंट झालं. तिथलाच कादंबरीकार अर्नोल्ड बेनेट यानं या मुलखावर भरपूर लिहिलं, पण गावं मोजताना पाचच मोजली आणि फेंटनला वगळलं. जिथे घरचा लेखक गावांची मोजदाद चुकवतो, तिथे परक्या माणसानं कारखाने कसे मोजावेत?

हे कारखाने भागीदारीचे असत आणि भागीदाऱ्या आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांसारख्या फुटत. किर्लोस्कर मंडळीतून १९१३ मध्ये गंधर्व मंडळी निघाली, तसे इथे दर काही वर्षांनी एक भागीदार पडदा पाडून बाहेर पडायचा आणि शेजारच्या गल्लीत नवी पाटी लावायचा. उदाहरणार्थ, हॅन्लीत आधी ‘रिजवे, मॉर्ली, वेअर आणि कंपनी’ होती. १८४२ च्या सुमारास वेअर गेला आणि उरले ‘रिजवे आणि मॉर्ली’. दोन-तीन वर्षांत रिजवेही गेला आणि ‘फ्रान्सिस मॉर्ली आणि कंपनी’ झाली. पुढे ॲशवर्थ आला तेव्हा ‘मॉर्ली आणि ॲशवर्थ’, आणि १८६२ मध्ये मॉर्लीच बाहेर, उरले ॲशवर्थ बंधू. मधल्या काळात मॉर्लीनं बुडालेल्या मेसनचे साचे विकत घेतले होते, ते ॲशवर्थांकडे आले आणि त्यांनी मेसनचं नाव पुढे चालवलं. म्हणजे मेसनच्या नावाची बशी मेसनचीच असेल असंही नाही. अर्थात या फाटाफुटीत संशोधकाचा फायदा आहे. भागीदार गुण्यागोविंदानं नांदले असते तर बशीचा काळ कधीच सांगता आला नसता. त्यांच्या एकेका भांडणामुळे आज आपल्याला बशी पाचेक वर्षांच्या आत बसवता येते.

एकोप्यानं राहणाऱ्या घराण्यांनी वेगळाच घोळ घातला. मीकिन कुटुंबातले ‘जे. आणि जी. मीकिन’ हॅन्लीला, आल्फ्रेड मीकिन टनस्टॉलला. ॲडम्स घराण्यात तर अठराव्या शतकात एकाच वेळी एकाहून जास्त विल्यम ॲडम्स भांडी बनवत होते. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची हौस आपल्याकडेही आहे, पण आपण निदान मधे वडिलांचं नाव घालतो.

सगळ्यात मोठं नाव वेजवुडचं. जोसाया वेजवुडनं १७५९ मध्ये बर्सलेममध्ये धंदा सुरू केला, आणि त्याच्या पश्चात त्याचं नाव बशीखाली असावं अशी इच्छा सगळ्या इंग्लंडला झाली. टनस्टॉलला एक ‘वेजवुड आणि कंपनी’ निघाली, ती वेगळी. स्टॉकटन-ऑन-टीजच्या विल्यम स्मिथ आणि कंपनीनं नावात एक जादा ‘ई’ घालून भांडी काढली. तेव्हा खरे वेजवुड कोर्टात गेले आणि १८४८ मध्ये त्यांनी मनाई हुकूम आणला. पण सगळ्यात गुणी निघाला तो जॉन वेज वुड. हे त्याचं खरंखुरं, बाप्तिस्म्याचं नाव. मधलं वेज, आडनाव वुड. त्यानं भांड्यांवर ‘जे. वेजवुड’ उमटवलं, आणि काही ठशांत वेज आणि वुड यांच्यामध्ये एक बारीकसा ठिपका ठेवला. गिऱ्हाइकाला दिसणार नाही आणि कोर्टाला दिसेल, इतपत. आईबापांनी बारशालाच मुलाच्या धंद्याची सोय करून ठेवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आता वहिनींच्या थाळीवरची सगळ्यात देखणी खूण: हिरा. चौकोन टोकावर उभा केलेला, वर एक गोल, कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे. १८४२ ते १८८३ या काळात इंग्लंडात नक्षी किंवा घाट सरकारदरबारी नोंदवला की ही खूण मिळे, म्हणजे तीन वर्षं कोणी नक्कल करायची नाही. वरच्या गोलात रोमन चार असेल तर वस्तू मातीची. बशी हातात असताना ती मातीची आहे हे सरकारकडून कळतं, तेवढा दिलासा. एका कोपऱ्यात वर्ष, एकात महिना, एकात दिवस आणि एकात त्या दिवशीचा पार्सल क्रमांक. वर्षासाठी अक्षर ठरवलं होतं. १८४२ ला ‘ए’ द्यावं असं तुम्हाआम्हाला वाटेल. दिलं ‘एक्स’. १८४३ ला ‘एच’, १८४४ ला ‘सी’, आणि मग १८४५ ला ‘ए’. अक्षरांच्या चिठ्ठ्या टोपीत घालून कारकुनानं लहान मुलाकडून उचलून घेतल्या असाव्यात, असा तो क्रम आहे. सव्वीस वर्षांत सव्वीस अक्षरं संपली. मग १८६८ मध्ये पुन्हा ‘एक्स’पासून सुरुवात केली आणि फरक कळावा म्हणून कोपरे बदलले. वर्ष आधी वरच्या कोपऱ्यात होतं, ते उजवीकडे आलं.

वहिनींच्या उजव्या कोपऱ्यात ‘सी’ होता. म्हणजे १८७०. हे मी छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा वहिनींचा उत्साह वाढला.

“आणि खाली डी आहे. म्हणजे डिसेंबर!”

“नाही वहिनी, डी म्हणजे सप्टेंबर. डिसेंबर म्हणजे ए.”

“मग एप्रिल?”

“एप्रिल म्हणजे एच.”

“आणि मार्चला एम?”

“एम म्हणजे जून. मार्चला डब्ल्यू.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग वहिनी म्हणाल्या, “आणि या लोकांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं?”

तर सप्टेंबर १८७०. पण हे थाळीचं जन्मवर्ष नव्हे. हे घाटाची नोंद झाल्याचं वर्ष. घाट १८७० चा आणि थाळी पुढे दहा वर्षांनी त्याच साच्यातून काढलेली, असंही असू शकतं. नोंद करणाराही घडवणाराच असेल असं नाही, एखादा बडा दुकानदार आपल्या नावावर नोंद करून माल दुसऱ्याकडून करून घेई. तरीही हा धागा खरा आहे. नोंदवह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत, आणि तारीख व पार्सल क्रमांक मिळाला की नोंदवणाऱ्याचं नाव मिळतं. वहिनींच्या थाळीवर नेमके हे दोन कोपरे शाईचा डाग पडून एकजीव झाले होते. शेवटी १८८४ पासून सरकारलाच या हिऱ्याचा कंटाळा आला आणि त्यांनी एकपासून सरळ आकडे द्यायला सुरुवात केली. शतक संपेपर्यंत ते साडेतीन लाखांच्या आसपास पोचले. आकडे क्रमानं येतात, हा शोध लागायला बेचाळीस वर्षं गेली.

बाकीच्या खुणांचा निकाल लवकर लागतो. ‘इंग्लंड’ असा शब्द असता तर थाळी बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ असतं तर बहुधा विसाव्या शतकातली. तीन ठिपके म्हणजे गुप्त सही नसते, भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून खाली ठेवलेल्या तिकाटण्याच्या टोकांचे ते वण. आणि वहिनींना सापडलेला ‘१८’ हा आकडा म्हणजे अठरावं शतक नव्हे, थाळीची लांबी इंचात. त्यांनी टेप लावून पाहिली, बरोबर भरली. त्या दिवसातली ती एकमेव शंभर टक्के खात्रीची माहिती.

मिंटनसारख्या सज्जनांनी मात्र संशोधकांवर दया केली. १८४२ पासून त्यांनी दर वर्षाला एक वेगळं चिन्ह ठरवलं, आणि १८७३ पासून नावाला शेवटी ‘एस’ जोडला. एवढ्या सरळपणामुळे मिंटनच्या भांड्यांवर वाद घालता येत नाही, आणि म्हणून गप्पांच्या दृष्टीनं ती जरा निरुपयोगी आहेत. बाकीच्यांसाठी जेफ्री गॉडन यांचा १९६४ चा ठशांचा जाडजूड कोश आहे. त्यात चार हजारांहून जास्त ठसे आहेत. आपल्या बशीवरचा ठसा त्यातल्या दोन ठशांच्या बरोबर मधे बसतो, हा या छंदाचा पहिला नियम.

आणि ज्यावर काहीच लिहिलेलं नसतं, त्याबद्दल तर विचारूच नये. शेकोटीवरच्या फळीवर जोडीनं बसणारे ते पांढरे स्टॅफर्डशरी कुत्रे आणि चपट्या पाठीच्या बाहुल्या बहुतेक बेनामी आहेत. क्वचित समोर नाव लिहिलेलं असतं, ते घडवणाऱ्याचं नसून बाहुलीचं, आणि तेही भरवशाचं नाही. बेंजामिन फ्रँकलिनचे असे पुतळे आहेत ज्यांच्या पायाशी ठसठशीत ‘वॉशिंग्टन’ लिहिलं आहे. अमेरिकन गिऱ्हाइकाला अमेरिकन माणूस मिळाला, कोणता ते त्याचं त्यानं पाहावं.

सगळा तपास होऊनही वहिनींच्या थाळीवर एक खूण उरलीच. ठशापासून दूर, कडेला, कुंचल्यानं मारलेला एक निळा फराटा. वहिनींना तो डाग वाटला आणि त्यांनी आधीच घासणीनं घासून पाहिला होता. निघाला नाही, कारण तो झिलईखाली होता. हे फराटे मजुरांचे. तिथे मजुरी नगावर मिळे, आणि कित्येकदा भट्टीतून धड निघालेल्या नगावरच. तुकडा आतल्या आत तडकला तर मेहनत फुकट. म्हणून आपण केलेला माल मोजायला ज्याची त्याची खूण. १८४१ मध्ये सॅम्युएल स्क्रिव्हन नावाचा सरकारी अधिकारी या कारखान्यांतली मुलं पाहायला हिंडला. ओल्या बश्यांचे साचे घेऊन तापलेल्या सुकवण-खोलीत दिवसभर पळणारी पोरं त्याला भेटली, शाळेत असायच्या वयाची. कायद्याला या भट्ट्यांपर्यंत पोचायला १८६४ उजाडलं. घडवणारा कोण, हा आपला प्रश्न, आणि उत्तरादाखल आपण शोधतो मालकाचं नाव. सिंह राणीचा, हिरा सरकारचा, चित्र लिलावातलं, अक्षरं भागीदारांची. घडवणाऱ्याची म्हणावी अशी सही एकच, तो फराटा. आणि ती कोशात नाही.

हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मुंबईत तरी लोक नावं टाकत होते का?” प्रश्न बिनतोड होता, कारण मुंबईचा या मातीशी जुना संबंध आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आपण मिंटनच्या फरश्यांवरूनच चालतो, फक्त त्या उलट्या करून पाहता येत नाहीत. त्याच संग्रहालयात सर ज. जी. कलाशाळेच्या मातकाम विभागातली एकोणिसाव्या शतकातली भांडी आहेत, काहींवर अजिंठ्याच्या चित्रांची छाया. ती ओळखली जातात शाळेच्या नावानं किंवा विभाग चालवणाऱ्या जॉर्ज टेरीच्या नावानं. त्यासाठी सिंधहून आलेल्या कुंभारांची नावं सांगायला मात्र तज्ज्ञालाही कागद उलगडावे लागतात. स्टॅफर्डशरची रीत जहाजातून मालाबरोबरच आली म्हणायची.

मालाबरोबर एक माणूसही आला होता. जॉन लॉकवुड किपलिंग. हा तरुणपणी बर्सलेममध्ये पिंडर-बोर्न यांच्या भांड्यांच्या कारखान्यात काम शिकला. हाच कारखाना पुढे डोल्टन कंपनीनं घेतला. १८६३ मध्ये तिथल्याच एका तळ्याकाठच्या सहलीत त्याची ॲलिसशी भेट झाली, १८६५ मध्ये लग्न करून दोघं मुंबईला आली, तो कलाशाळेत शिल्प शिकवू लागला, आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला शाळेच्या आवारात त्यांना मुलगा झाला. त्या जागी आज एक बंगला आहे आणि जन्म इथे झाल्याची पाटीही आहे. बंगला मात्र नंतरचा आहे, असं जाणकार सांगतात. हिऱ्याचा नियम इथेही लागू: नोंद आधीची, वस्तू नंतरची.

पण मुलाच्या बाबतीत आईबापांनी स्टॅफर्डशरची सगळी परंपरा मोडली. राजचिन्ह नाही, आद्याक्षरांचा घोळ नाही, मधे चोरटा ठिपका नाही. घाट स्टॅफर्डशरचा, भाजणी मुंबईची, आणि उगमाचा ठसा थेट दर्शनी बाजूला. त्या तळ्याचं नाव होतं रुडयार्ड.